पंचफुला मसाला

“काकू, करा आता सही. कायले ताणून राह्यल्या?” हरीओमनं पेनाचं टोपण काढलं आणि कागदावर बोट ठेवलं. बोटाच्या वरच्याच ओळीत लिहिलं होतं, ‘पंचफुला मसाला’ या नावावर माझा काहीही हक्क नाही, हे नाव मी यापुढे वापरणार नाही.

पंचफुलाबाईंनी ती ओळ तीनदा वाचली. आयुष्यभर ज्या नावाला ओ दिली, ते नाव आता शेलूबाजारच्या एका किराणा दुकानदाराचं झालं होतं.

पंचवीस वर्षं त्यांचा काळा मसाला आसपासच्या घराघरांत जात होता. पाकीट नाही, बिल नाही. गिऱ्हाइकानं आपला डबा आणून ठेवायचा आणि चार दिवसांनी भरून न्यायचा, असा त्यांचा रिवाज. हरीओमही आपल्या दुकानात हाच मसाला सुटा विकायचा. मग त्यानं रंगीत पाकिटं छापली, त्यांत भलताच मसाला भरला आणि कुणाला न विचारता ‘पंचफुला मसाला’ हा ट्रेडमार्क स्वतःच्या नावावर नोंदवून घेतला. आयत्या बिळावर नागोबा! आणि हा नागोबा वर नोटीसही पाठवत होता. दारावरची पाटी उतरवा, नाहीतर कोर्टात या.

वाशिमचे वकील माणूस भला. ते म्हणाले होते, “नोंदणी त्याची असली तरी नाव आधीपासून तुमचं आहे हे दाखवता येतं. तो म्हणतो, दोन हजार अठरापासून वापरतो. त्याच्या आधीची तारीख आणि हे नाव, दोन्ही एकत्र दिसेल असा एक तरी पुरावा आणा.”

बाईंनी ट्रंक उपसली, देवघरामागचा गठ्ठा सोडला, पोथीची पानं झटकली. लाइटबिलं निघाली आणि जुन्या लग्नपत्रिका निघाल्या. लोकांच्याच डब्यांत मसाला भरून देणारीच्या घरात तिच्या मसाल्याच्या नावाचा कागद येणार तरी कुठून?

“कर ना बाप्पा सही,” खाटेवरून त्यांचे यजमान रंगराव म्हणाले. “त्याच्याजवळ सरकारी कागद हाय. आपल्याजवळ काय हाय?”

बायकोचं नाव बाजारात मिरवलेलं रंगरावांना कधीच रुचलं नव्हतं. आजही त्यांच्या आवाजात थोडं सुटका झाल्यासारखं होतं. नोटिशीपेक्षा तेच बाईंना जास्त लागलं.

इकडे आड, तिकडे विहीर. सही केली तर नाव गेलं, नाही केली तर उरलेलं आयुष्य कोर्टाच्या पायऱ्यांवर. चारी भिंती जवळ सरकत आल्यासारखं त्यांना वाटत होतं. त्यांनी पेन उचललं.

“आन् हो,” हरीओमला एकदम आठवलं. “आईनं डबा आणून ठेवला व्हता ना तुमच्याकडं? भरला असंल तं द्या, जाता जाता नेतो. पाकिटातला मसाला तिले चालत नाही.”

असं बोलायला त्याची जीभ कशी रेटली, देव जाणे. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्या आत गेल्या.

फळीवर डबे ओळीनं मांडलेले होते. हरीओमच्या आईचा, मनकर्णाबाईंचा, तिसरा. दरवर्षी यायचा, भरून जायचा. मसाल्याचे तेलकट थर बसून तो काळपट पडला होता. गिऱ्हाइकाला कळकट डबा देणं बाईंना जमायचं नाही, आणि आज तर अंगात संताप होता. त्यांनी तो पदरानं खसाखसा घासला. घासता घासता बोटांना ठिपक्याठिपक्यांची अक्षरं लागली.

त्यांनी डबा खिडकीच्या उजेडात धरला. भांडेवाला आठवला. “आहेर हाय तं नाव कोणाचं टाकू, मालकाचं?” त्यानं रीतीप्रमाणं विचारलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, “माह्यं टाक. आन् मसालाही टाक.” त्यावरून रंगरावांनी आठ दिवस अबोला धरला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! कागद शोधता शोधता त्यांच्या डोळ्यांचं पाणी खळलं नव्हतं.

डब्यातला मसाला त्यांनी पुडीत बांधला आणि बाहेर येऊन ती पुडी हरीओमच्या हातात ठेवली. सही न केलेला कागदही त्याच्याकडं सरकवला.

“मसाला नेजो. डबा वकिलाले दाखवाचा हाय.”

“काहून?” हरीओम हसला. “डबा तं आमचा हाय!”

“तुहाच हाय. म्हणून तं.” त्यांनी डबा नवऱ्यापुढं धरला. “वाचा हो.”

रंगरावांनी चष्मा लावला. त्यांचा आवाज पार दारापर्यंत गेला. “चि. हरीओमच्या लग्नात सप्रेम भेट. पंचफुला मसाला, शेलूबाजार. सहा मे, दोन हजार बारा.”