खाडीपलीकडची माती

खाडीपलीकडच्या नव्या शहरात लेकीकडे राहायला आले, तरी तात्यांनी बॅग काही उघडली नाही. जुन्या बंदरातला गाळ उपसणाऱ्या बोटीवर त्यांची हयात गेली होती. आता सगळी जहाजं इकडेच लागत, आणि तिकडच्या धक्क्यावर गवत माजलं होतं.

"ह्या शहरानं आपल्या तोंडचा घास काढला. इथं माझा पाय ठरायचा नाही," दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत ते म्हणाले.

"बरं बाई, जा परत! पण जाण्याआधी तेवढं लिंबाचं रोप लावून द्या," लेक म्हणाली. "इथली माती कशी आहे, देव जाणे."

तात्यांनी रागारागानं अंगणात कुदळ मारली. हातभर खाली शिंपल्यांनी भरलेली काळी माती लागली, आणि तिच्यात गाळ उपसायच्या बादलीचा तुटका लोखंडी दात. त्यावर तात्यांच्याच बोटीची खूण होती.

त्यांनी तो उचलून अंगठ्यानं पुसला. उपसलेला गाळ तेव्हा ओसाड असलेल्या ह्याच किनाऱ्यावर तर ते रोज आणून ओतायचे.

"तात्या, माती बरी नाही का?"

"चांगली आहे. मीच आणून टाकलीय." त्यांनी तो दात खिशात घातला. "बॅग उघड आणि माझा जुना सदरा काढ."