टेस्ट ड्राइव्ह

पोस्टमास्तरांची जुनी सेकंडहँड गाडी दर सिग्नलला हमखास बंद पडायची. मग बायको, मुलगी आणि सासूबाई उतरून ढकलायच्या, आणि सासूबाई मागून ओरडायच्या, “जावईबापू, सेकंड टाका, क्लच सोडा!”

शेवटी मंडळी एकदाची नव्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह घ्यायला गेली. “हिचं इंजिन सिग्नलला आपोआप बंद होतं, क्लच दाबला की पुन्हा सुरू. पेट्रोल वाचतं!” शेजारी बसलेल्या सेल्समनने निघतानाच सांगितलं.

पहिल्याच लाल दिव्याला इंजिन गप्प झालं आणि तिघी धडाधड उतरून मागे धावल्या. पोस्टमास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “अहो, त्यांना जरा समजवा ना,” म्हणत ते सेल्समनकडे वळले, तर सीट रिकामी!



मागून सेल्समनचा आवाज आला, “काका, सेकंड टाका, क्लच सोडा!”