कोणासाठी घेताय?

आतल्या खोलीत कपाटाचं दार कुरकुरलं, तेव्हा कुठे बैठकीतली शांतता मोडली. सोफ्याच्या कडेला टेकलेली ती सावरून बसली आणि मुलीच्या गुडघ्यावर हात ठेवला. मुलीने पाय हलवणं थांबवलं.

म्हातारा टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी तान्ह्या बाळासारखं सांभाळत घेऊन आला. टीपॉयवर ठेवून त्याने टॉवेलाचं एकेक टोक बाजूला केलं.

जाहिरातीच्या फोटोतलीच बाहुली. हातभर उंच. खांद्यांना, कोपरांना, गुडघ्यांना गोल गोटीसारखे सांधे, बसवाल तशी बसणारी. अशा बाहुल्या ती कधीपासून नुसत्या फोनवर बघत आली होती. लोकांचे कपडे उसवून, आत घेऊन, बाजूला टाकलेल्या पैशांत नवी येणं शक्यच नव्हतं. ही जुनी, तेवढ्यात येत होती. म्हणूनच तर मनात शंकेची पाल चुकचुकत होती. इतक्या स्वस्तात कोण देतं? नक्कल असणार, नाहीतर कुठेतरी तडा.

"बघा की," म्हातारा म्हणाला.

तिने बघितलंच. केसांचा टोप काढला. डोक्याचं मागचं झाकण उघडलं. टक्. आत बोट फिरवलं, वास घेतला, आतला रंग बाहेरच्या रंगाशी ताडून पाहिला. मान हलकेच ओढून आतली रबरी दोरी किती ताणते ते बघितलं. मग फ्रॉक उलटा केला. हातशिलाई होती, टाके इतके बारीक की तिला स्वतःला जमले नसते. खोट काही सापडेना, तसतसा संशय वाढतच चालला.

"काका, एवढी चांगली आहे, मग इतकी स्वस्त का हो?"

म्हातारा तिच्याकडे नाही, तिच्या हातांकडे बघत होता.

"परवा एक बाई आल्या होत्या. त्यांनीही आधी डोकंच उघडलं. मग सांगायला लागल्या, डोकं एकाला, धड दुसऱ्याला, हात तिसऱ्याला. सुटं विकलं की जास्त मिळतात म्हणे! त्यांना आल्या वाटेने पाठवलं." त्याने टॉवेल जवळ ओढला. "हिचे कपडे आमच्या हिने शिवलेत. ती गेली. आता जिथे जाईल तिथे ही अख्खी राहावी, एवढंच. म्हणून स्वस्त. तुम्ही कोणासाठी घेताय?"

"हिच्यासाठी." तिने मुलीकडे बोट दाखवलं. नवऱ्याला, बहिणीला, शेजारणीला सांगून सांगून हे उत्तर गुळगुळीत झालं होतं.

"हो का गं?" म्हातारा मुलीपुढे वाकला. "मग काय नाव ठेवणार हिचं?"

"मला काय माहीत?" मुलगी म्हणाली. "मी तर हातसुद्धा लावायचा नाहीये. आईने येतानाच बजावलंय."

म्हाताऱ्याने टॉवेलाचं एक टोक बाहुलीवर टाकलं.

"वाटलंच मला."

"अहो नाही, काका! विकायला नाही नेत."

"मग कोणासाठी?" त्याने दुसरं टोक उचललं.

तिचे कान तापले. बाहुलीचा चेहरा तेवढा उघडा राहिला होता.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने पुन्हा म्हणाली, "मला हवीय. माझी मलाच. घरात सगळं सगळ्यांचं आहे हो. हिला कोणी हात लावायचा नाही, एवढंच."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. खरं-खोटं तोलत असावा. मग त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"आमच्या हिनेही आणली तेव्हा नातीसाठी म्हणूनच सांगितलं होतं."

"आणि मग?"

"मग काय? आम्हाला नात नाहीये."

ती फसकन हसली. त्याने टॉवेल नीट गुंडाळला आणि बाहुली स्वतःच्या हाताने तिच्या मांडीवर ठेवली. तिने ती दोन्ही हातांनी धरली, मानेखाली तळहात देऊन.

मुलगी सोफ्यावरून उतरली आणि आईच्या गुडघ्याला खेटून उभी राहिली. मांडीवर जागा नव्हती.

"आई, तुला मी आहे ना?" तिने विचारलं. "मग ही कशाला?"