अन्वरचा राजा

महाराष्ट्र झाला त्या साली नांदुऱ्यात कडूबाच्या सरकीच्या दुकानात बुद्धिबळाचा पट कायम मांडलेला असे. शेजारचा अन्वर शिंपी येता-जाता आपली खेळी करून जाई.

आता तो भिंतीपलीकडे अंथरुणाला खिळला होता. त्याची बायको सलीमा दारात येऊन म्हणाली, "ते तुमचीच वाट पाहून राह्यले, भाऊ."

"डाव संपला का येतो," म्हणत कडूबानं मान खाली घातली. आजारी दोस्ताचं तोंड पाहायची त्याला भीती वाटे.

सलीमा गेली. दुकानात कडूबा एकटाच. पलीकडे अन्वर खोकला, आणि पटावरचा त्याचा काळा राजा एक घर सरकला. कडूबानं शह दिला. पुन्हा खोकला; राजा पुन्हा निसटला.

"काऊन छळून राह्यला बे? हार मान एकदाचा!" चिडून त्यानं वजीर पुढं सारला. "मात!"

काळा राजा हळूच आडवा झाला.

कडूबा खोकल्याची वाट पाहत राहिला.