मातेचा नकार

“पोटुशीपुढे मरणाचं नाव काढू नये गं. गोड बोलावं, विचारावं, आणि पुढचीला हाक मारावी.” पहिल्या नोकरीतल्या म्हाताऱ्या मेट्रनचे हे बोल. सिस्टरनं ते बावीस वर्षं पाळले होते.

आज दवाखान्यात तिच्यासमोर एक सून बसली होती, सातव्या महिन्याची. शेजारी सासू. मागच्या बाळंतपणाचं कार्ड नव्या कार्डाला टाचलेलं.

“या खेपेला ती डांग्या खोकल्याची सुई आधी टोचा,” सासू म्हणाली. “एक सोडून दोन टोचा.”

“एकच पुरते, मावशी. आईला टोचली की पोटातल्या बाळालाही लागू पडते.”

“ते हिला सांगा. गेल्या वेळी महाराणींना हाताला भोक नको होतं. दीड महिन्याचं लेकरू खोकून खोकून निळं पडलं नि गेलं. मी म्हणते म्हणून नव्हे, तुमच्याच कार्डावर आहे की लिहिलेलं!”

होतं. ‘समुपदेशन केले. मातेचा नकार.’ अक्षर सिस्टरचंच.

सून टेबलाच्या कडेचा सुटलेला पत्रा नखानं दाबत होती. दाबला की बसायचा, सोडला की उठायचा.

“मीच म्हटलं असेन नको,” ती हळूच म्हणाली. “मला आठवत नाही. घरात सगळ्यांना आठवतं.”

सिस्टरनं औषध भरलं, सुई उजेडाला धरली, आणि विचारलं, “घ्यायची ना तुला?”

सुनेनं सासूकडे पाहिलं.

“घेईल की! तिला काय विचारताय?” सासू म्हणाली, आणि सुनेची बाही स्वतःच वर सारली.

सुई हवेतच राहिली. मग सिस्टरनं तिला टोपण लावलं आणि ट्रेमध्ये ठेवली. बाहेर बाकावर कुणीतरी हसलं, वजनकाटा खडखडला.

“मावशी, त्या दिवशीही असंच झालं होतं. ‘आमच्यात नाही घेत, पोरीची चाळण करायची नाही आम्हाला,’ हे तुम्ही म्हणालात.”

सिस्टर सुनेकडे वळली.

“तू नको म्हणालीच नव्हतीस, बाळा. बाहेर रांग होती. मी तुला विचारलंच नाही. ‘मातेचा’ हा शब्द मी माझ्या मनानं लिहिला.”