लवंग जास्त झालीय

"बाबा, केक गेला," म्हणत धाकटीने बाबांपुढची बशी ओढून घेतली. टेबलावर हशा पिकला. दादासुद्धा हसला, आणि दादा हसला म्हणून आई उगाच उठून नळाशी डोळे धुऊन आली.

बाबा एवढंच म्हणाले होते, "आज ऑफिसात एक..." पण नियम म्हणजे नियम. जेवताना सरकार, संप, युनियन, ऑफिस यांतला एक शब्द जरी निघाला, तरी नाताळच्या केकचा तुकडा जप्त. नियम धाकटीचा आणि पंचही तीच. करणार काय? बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. वरून हुकूम आला की टाइप करायचा, फाइलीला लाल नाडी बांधायची, पुढे पाठवायची. तीस वर्षं हेच. आणि दादा कारखान्यातल्या युनियनचा सेक्रेटरी. मागच्या वर्षी दादाच्या दोन साथीदारांना पोलिसांनी घरातून उचललं, तेव्हा याच टेबलावर दादा म्हणाला होता, हुकूम तुम्हीच टाइप केला असणार. बाबा म्हणाले होते, काहीतरी केलं असेल म्हणूनच नेलं. दादा भरल्या ताटावरून उठला, तो चौदा महिने या घरात फिरकला नाही.

आज, नाताळच्या दोन दिवस आधी, तो रात्री जेवायला आला होता. आता तो पुन्हा यावा, धाकटीला बाकी काही म्हणजे काही नको होतं.

म्हणून मग केक, केक आणि केक. आई बेकरीत कामाला, त्यामुळे घरचा केक म्हणजे तिच्या इभ्रतीचा प्रश्न. महिनाभर मनुका भिजत घातलेल्या. दादाने पहिला घास घेतला आणि दरवर्षीचंच बोलला, लवंग जास्त झालीय. आई म्हणाली, मोजून तीन टाकल्यात. मग तिन्ही माझ्याच तुकड्यात कशा आल्या, दादाने विचारलं. मग बेकरीच्या मालकाचा विषय निघाला. त्याचा गेल्या वर्षीचा केक इतका कडक झाला होता म्हणे, की एका गिऱ्हाइकाने तो दार उघडं राहायला दगडासारखा लावला. धाकटी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती.

बाबा मात्र ताटातला बटाटा नुसता इकडून तिकडे करत होते. दोनदा त्यांनी तोंड उघडलं. दोनदा धाकटीने चमचा उगारला. दोन्ही वेळा ते कसंनुसं हसले आणि पुन्हा बटाट्याकडे वळले.

जेवणं झाल्यावर बाबा स्वतः स्वयंपाकघरात गेले. म्हणजे बघा, जो माणूस पाण्याचा पेला जागेवरून मागतो, तो. उरलेला केक त्यांनी पत्र्याच्या डब्यात भरला, वर फाइलीसारखी लाल नाडी आवळून बांधली आणि डबा दादाच्या पिशवीत ठेवला. "वाटेतच खा," ते म्हणाले. "घरी नेऊ नकोस." दादा म्हणाला, बाबा, आख्खा केक रस्त्यात खाऊ का? पुन्हा सगळे हसले. बाबांनी दादाचा हात धरला. "अरे, तुमच्या त्या युनियनच्या..."

दादाचा चेहरा एका क्षणात दगड झाला. झालं, पुन्हा चौदा महिने. "बाबा," ती ओरडलीच जवळजवळ, "पुढच्या वर्षीचा पण केक गेला." दादा कसाबसा हसला आणि बूट घालायला वाकला. आई त्याच्या कॉलरवरचा दोरा काढत बसली. बाबा पाठ फिरवून खिडकीशी गेले. तेवढ्यात धाकटीने पिशवीतून डबा काढून पाठीमागे लपवला.

रात्री दहा वाजता तिने दादाला मेसेज टाकला. केक माझ्याकडे ओलीस आहे, हवा असेल तर रविवारी येऊन सोडव. लगेच उत्तर आलं. चोरटे, येतो रविवारी, नक्की. तिने ते दहा वेळा वाचलं. रविवार, आणि नक्की. डबा तिने कपाटात स्वेटरांच्या खाली ठेवून दिला.

सकाळी दादाच्या घरमालकिणीचा फोन आला. पहाटे गाडी आली होती. पाच जण होते. चप्पलसुद्धा घालू दिली नाही. कुठे नेलं, कुणी सांगितलं नाही.

आई जमिनीवरच बसली. बाबा उभेच होते. ऑफिसचा शर्ट घालून, बटणं लावायची तशीच राहिलेली.

"यादी काल माझ्याच हातून गेली," ते म्हणाले. "सातवं नाव त्याचं. तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही माझी. डब्यात चिठ्ठी ठेवली होती, केकच्या कागदाखाली. आज घरी झोपू नकोस म्हणून."

धाकटीला कपाटाचं दार दिसत होतं. नीट लागलेलं नव्हतं ते. फटीतून स्वेटरची बाही लोंबत होती.

"वाटेत डबा उघडल्याशिवाय राहणारा आहे का तो," बाबा बोलतच होते. "शाळेत जाताना पहिल्या वळणावर डबा संपवायचा. म्हणजे वाचली त्याने. वाचूनही घरीच गेला. पळाला नाही." त्यांचा आवाज फाटला, पण मान वर होती. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. मग एकदम ते तिच्याकडे वळले. "तुला काही कळवलं होतं का गं त्याने? डबा उघडला होता ना?"

धाकटीने फोन मुठीत घट्ट धरला.

"हो बाबा," ती म्हणाली. "वाटेतच खाल्ला म्हणाला. लवंग जास्त झालीय म्हणाला."