विलोबर्ड्सचा मुख्य आवाज

"मिस्टर पेटवे, जरा थांबता का?"

ऑर्विल ग्रीर लगेच वळला. आता त्याला त्या नावाची सवय झाली होती. फिलाडेल्फियातल्या त्या चर्चमध्ये दुपारचा कार्यक्रम नुकताच आटोपला होता आणि लोक तळलेल्या माशांसाठी रांग लावत होते.

'विलोबर्ड्स'चं एक गाणं ऑर्विलच्या तरुणपणी गल्लोगल्ली गाजलं होतं. पुढे ग्रुपमधली पोरं पांगली. कुणा मॅनेजरने ग्रुपचं नाव तेवढं विकत घेतलं आणि चार भाडोत्री गळे गोळा केले. पोस्टरवर मात्र ठळक अक्षरांत छापलं, 'मूळ मुख्य गायक थर्मन पेटवे यांच्यासह'. तो थर्मन म्हणजे ऑर्विल, आणि त्याने तर जन्मभर बस चालवली होती. टाळ्या पडल्या की त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटे.

"मी अर्नेस्टीन," हाक मारणारी म्हातारी म्हणाली. "आमचे हे विलोबर्ड्समध्येच गायचे."

ऑर्विल दोन पावलं मागे सरला. आता बिंग फुटणार!

"त्यांचं डोकं आता साथ देत नाही. मला ओळखत नाहीत, मुलींना ओळखत नाहीत. दिवसभर एकच धोशा, थर्मन कुठे गेला, थर्मनला बोलवा. तेवढं भेटा त्यांना."

"बाई, आमची गाडी सुटेल हो..."

"तुमचा ड्रायव्हर दुसऱ्यांदा मासे वाढून घेतोय. चला."

चर्चच्याच बाथरूमच्या दाराशी चाकांच्या खुर्चीत एक वाळकुडा म्हातारा बसला होता. त्याने ऑर्विलला बराच वेळ न्याहाळलं. ऑर्विलला मान वर करवेना.

"थर्मन? गाढवा, तालमीला दांडी मारून कुठे उंडारत होतास?"

"जरा... गावाला गेलो होतो." बोलताना ऑर्विलला स्वतःचीच किळस आली.

"चल आत. फरशीमुळे आवाज काय घुमतो बघ!"

त्या काळी कोपऱ्यावर गाणारी सगळी पोरं तालमीला अशीच बाथरूममध्ये घुसायची. म्हाताऱ्याने चुटकीवर ताल धरला. ऑर्विलने मुख्य ओळ उचलली. म्हातारा खालचा सूर धरेल अशी त्याची अटकळ होती, पण तो थेट मुख्य ओळीवरच आला. वरच्या पट्टीत झेप घेण्याआधी त्याने श्वासही रेकॉर्डवर आहे तिथेच चोरला. बिचारा आपली जागासुद्धा विसरला, असं मनात म्हणत ऑर्विल निमूट खालच्या सुरात उतरला.

गाणं संपलं. म्हाताऱ्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्याने ऑर्विलचा हात गच्च धरला.

"सापडलास बाबा. आता जीव भांड्यात पडला."

ऑर्विलला ते सोसवेना. हात सोडवून तो बाहेर आला आणि त्याने अर्नेस्टीनला बाजूला घेतलं.

"बाई, मला माफ करा. तुमच्या यजमानांना मी आज पहिल्यांदाच पाहतोय. पोस्टरवर खोटं छापतात आणि पोटासाठी मी ते मिरवतो. एका आजारी माणसाला फसवलं मी. लाज वाटते हो स्वतःची. मी थर्मन पेटवे नाही."

"ठाऊक आहे," अर्नेस्टीन म्हणाली. "मी मिसेस पेटवे."